खलित्यातला मजकूर

'खलिता' हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळपास गेला आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांत तो भेटतो, मोडी कागदपत्रं वाचणाऱ्यांच्या तोंडी असतो, बाकी कुठे नाही. मूळ शब्द अरबी-फारसीतला 'खरीता'. त्याचा अर्थ थैली. राजेरजवाडे एकमेकांना पत्र पाठवत ते उघडं नसे. किनखापाच्या किंवा रेशमाच्या थैलीत घालून, तोंड बांधून, वर लाखेची मोहोर करून ते जासुदाच्या हाती दिलं जाई. पुढे थैलीचं नाव पत्रालाच पडलं. मराठीनं 'र'चा 'ल' केला आणि शब्द घरचा करून टाकला. घरात दखनी आणि दारात मराठी बोलत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला असे शब्द भेटले की नातेवाईक भेटल्यासारखं वाटतं.

पण आज हा शब्द काढण्याचं कारण इतिहास नाही. कवींनी आपल्या प्रांताबाहेरच्या एखाद्या विषयावर बोलावं, अशी या भाषणमालेची कल्पना आहे, आणि मी निवडलेला विषय माझ्या प्रांताच्या फारच बाहेरचा आहे. आपल्या शरीरातल्या पेशीही एकमेकींना खलिते पाठवत असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'एक्झोसोम' म्हणतात. बायकांच्या बीजांडकोशाचा, म्हणजे अंडाशयाचा, कर्करोग या खलित्यांवरून वेळेत ओळखता येईल का, आणि त्याच्या उपचारात त्यांचा काही उपयोग होईल का, यावर गेली पंधरा-वीस वर्षं जगभर काम चाललं आहे. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. विज्ञान दहावीलाच सुटलं. पण माझी भाची पुण्याला एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते. तिनं मला हे सगळं मोठ्या धीरानं समजावून दिलं. तिला त्यात एवढा रस का, ते पुढे येईलच.

हे खलिते सापडले कसे, ते आधी सांगतो. १९६७ साली पीटर वुल्फ या ब्रिटिश शास्त्रज्ञाला रक्तद्रवात अतिसूक्ष्म कण दिसले. रक्त गोठवणाऱ्या बिंबिका असतात, ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो, त्यांच्यापासून ते सुटत होते. त्यांचं वर्णन त्यानं 'प्लेटलेटची धूळ' असं केलं. धुळीकडे कोण लक्ष देतो? पुढे १९८३ मध्ये दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी एक गोष्ट दिसली. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन आणि त्यांचे सहकारी, आणि अमेरिकेत सेंट लुइसला फिलिप स्टाल यांचा गट. दोघंही कोवळ्या तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करत होते. जॉनस्टोनबाईंकडच्या पेशी मेंढीच्या होत्या. ही पेशी वयात येताना तिला बालपणीची काही सामग्री नकोशी होते. ती सामग्री पेशी आतल्या आत बारीक बारीक पिशव्यांत भरते, त्या सगळ्या एका मोठ्या पिशवीत ठेवते, मग ती मोठी पिशवी पेशीच्या भिंतीला येऊन मिळते आणि आतल्या बारक्या पिशव्या बाहेर सोडून देते. १९८७ मध्ये जॉनस्टोनबाईंनी त्यांच्यासाठी 'एक्झोसोम' हे नाव वापरलं. ग्रीक भाषेत 'एक्झो' म्हणजे बाहेर आणि 'सोमा' म्हणजे देह. देहाबाहेर पडलेला छोटा देह.

तरीही बरीच वर्षं समजूत अशीच होती, की पेशी केर बाहेर टाकते आहे. ती समजूत खऱ्या अर्थानं मोडली २००७ साली. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या हादी वालादी, यान लोटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या पिशव्यांत आरएनए असतो. पेशीनं काय करायचं याचे हुकूम ज्या रसायनाच्या भाषेत लिहिलेले असतात, तो हा आरएनए. त्यांनी उंदराच्या पेशींच्या पिशव्या माणसाच्या पेशींना दिल्या, तर माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिनं तयार झालेली आढळली! म्हणजे खलिता नुसता पोचला नव्हता, तो वाचून त्याची तामिलीही झाली होती. चाळीस वर्षं ज्याला धूळ म्हटलं, तो पत्रव्यवहार निघाला.

आकाराचं म्हणाल तर ३० ते १५० नॅनोमीटर. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे सातशे-आठशे खलिते शेजारी शेजारी बसतील. निरोगी पेशीही ते पाठवतात आणि रोगीही. रक्तात, लघवीत, लाळेत, आईच्या दुधात, सगळीकडे ते असतात. पाठवणाऱ्या पेशीची खूण त्यांच्या अंगावर असते, जशी खलित्यावर मोहोर असते. भुरळ पडते ती इथेच. पोटात खोलवर दडलेल्या गाठीला सुरी किंवा सुई न लावता, दंडातून काढलेल्या थोड्या रक्तात तिच्या मोहोरेचा खलिता शोधून काढायचा.

आता त्या गाठीकडे येऊ. बीजांडकोश बदामाएवढे, ओटीपोटात खोल. आजूबाजूला जागा बरीच, त्यामुळे तिथे काही वाढलं तरी लवकर कुणाला टोचत नाही, अडत नाही. त्यात अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत असं लक्षात आलं, की या कर्करोगाचा जो सर्वांत घातक आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, तो पुष्कळदा बीजांडकोशात सुरूच होत नाही. बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाला तो सुरू होतो आणि तिथून पेशी पोटाच्या पोकळीत शिंपडल्या जातात. जगात २०२२ या एका वर्षात सुमारे सव्वातीन लाख बायकांना हा रोग झाला आणि दोन लाखांहून अधिक दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. भारतातल्या नव्या रुग्णांचा आकडा ४७ हजारांच्या घरातला. स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सोडला तर आपल्याकडच्या बायकांत याचाच क्रमांक लागतो. रोग बीजांडकोशातच असताना सापडला, तर दहापैकी नऊ जणी पाच वर्षांनंतरही असतात. दूरवर पसरल्यावर सापडला, तर दहापैकी तीन. आणि बहुतेक जणी पसरल्यावरच येतात.

पोटाच्या पोकळीला आतून एका पातळ पेशींचं अस्तर असतं. रोग पसरायचा तर ते ओलांडावं लागतं. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातले अकिरा योकोई, ताकाहिरो ओचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या पेशी आपले खलिते या अस्तराच्या पेशींकडे पाठवतात. त्यांतला मजकूर असा असतो, की वाचणारी अस्तराची पेशी स्वतःच मरून जाते आणि वाट मोकळी होते. मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. किल्ले पडले त्यांतले लढून किती आणि फितुरीनं किती, हे आपल्याला ठाऊक आहे.

पुढे पोटात पाणी साठतं. त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, जलोदर. त्या पाण्यात हे खलिते खच्चून भरलेले असतात.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणायचो, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी होती. अम्मी शेतावर जायची, तेव्हा मला आपानंच वाढवलं. २०१० च्या पावसाळ्यात ती म्हणायला लागली, दोन घास खाल्ले की पोट भरतं. "पेट भरेसा लगता रे भाई," एवढंच. परकराची नाडी तिला सैल करावी लागत होती आणि बांगड्या मात्र हातातून गळत होत्या. वारंवार लघवीला जावं लागायचं. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात सात महिने तिला आम्लपित्ताच्या आणि गॅसच्या गोळ्या दिल्या. रोज तीच तक्रार घेऊन येणारी साठीची बाई. पोटाची सोनोग्राफी करून पाहावी असं तिथे कुणाला वाटलं नाही. शेवटी पोट घागरीसारखं झालं, तेव्हा मोठ्या शहरात नेलं. पाणी काढलं, तपासलं, तिसरी पायरी निघाली. ऑपरेशन झालं, केमोच्या सहा फेऱ्या झाल्या, आकडे खाली आले, घरात गोडधोड झालं. काही महिन्यांनी आकडे पुन्हा चढले, आणि या वेळी तीच औषधं लागू पडेनात. २०१२ मध्ये ती गेली. पुण्याची भाची म्हणजे तिची मुलगी.

इथे थोडं थांबून एक माहिती सांगतो, कारण रेडिओ घराघरांत ऐकला जातो. पोट फुगणं, ओटीपोटात किंवा पोटात दुखणं, दोन घासांत पोट भरणं, लघवीची घाई होणं या तक्रारी कुणाला होत नाहीत? पण त्या नव्यानं सुरू झाल्या असतील, वर्षाच्या आतल्या असतील आणि महिन्यातले बारापेक्षा जास्त दिवस होत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन तपासून घ्यावं. अमेरिकेतल्या बार्बरा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ही मोजणी सुचवली. अशा तक्रारींच्या बहुतेक बायकांना कर्करोग नसतोच. आणखी एक. आपल्याकडे 'पिशवी काढली' की सगळी काळजी मिटली असं समजतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. बीजांडकोश अनेकदा आतच ठेवलेले असतात.

मघाशी 'आकडे' म्हणालो, ते सीए-१२५ या रक्ततपासणीचे. बोस्टनमध्ये रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या खुणेचा शोध जाहीर केला. आजही तीच वापरात आहे. ३५ च्या वर आकडा गेला की काळजी. पण रोग पहिल्या पायरीवर असलेल्या जवळपास निम्म्या बायकांत हा आकडा वाढतच नाही. उलट पाळीत, गरोदरपणात, यकृताच्या आजारात तो वाढतो. आणि आपल्या देशात फार महत्त्वाचं म्हणजे पोटाच्या क्षयात तो भरमसाट वाढतो. आपाच्या आजारपणाच्या वर्षातच आमच्या मागच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या पोटात पाणी झालं. त्यांचा आकडा आपाच्या आकड्याच्या आसपासचाच होता. घरात रडारड झाली, दागिने मोडायला काढले. पोटातला तुकडा काढून तपासला, तर क्षय निघाला. औषधांनी वहिनी खडखडीत बऱ्या झाल्या. परवाच लग्नात भेटल्या. आकडा तोच, आणि दोन बायका अशा दोन वाटांनी गेल्या. चांगली खूण हवी कशासाठी, हे मला वेगळं शिकावं लागलं नाही.

म्हणून अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल विद्यापीठाच्या डग्लस टेलर आणि चिचेक गेर्सेल-टेलर यांनी २००८ मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्याचं एवढं स्वागत झालं. या रोगाच्या रुग्णांच्या रक्तातून त्यांनी गाठीची मोहोर असलेले एक्झोसोम चुंबकाच्या मण्यांनी वेचून घेतले. त्यांत सूक्ष्म आरएनएचे आठ तुकडे गाठीत जसे होते तसेच सापडले. साध्या, निरुपद्रवी गाठी असलेल्या बायकांच्या खलित्यांतला मजकूर त्याहून वेगळा होता. यानंतर या विषयावर लेखांचा पूर आला. कुणाला आठाऐवजी चार तुकडे महत्त्वाचे वाटले, कुणाला दुसरेच पाच. कुणी प्रथिनांकडे वळलं. बोस्टनच्या हाखो ली, राल्फ वाइसलेडर यांच्या गटानं २०१४ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्याला नॅनोमीटरच्या मापाची भोकं पाडून, प्रकाशाच्या बदलावरून खलित्यावरची मोहोर वाचणारी चकती केली, आणि या रोगाच्या रुग्णांच्या पोटातल्या पाण्यावर ती चालवून दाखवली. २०१९ मध्ये कॅन्ससच्या योंग झेंग, अँड्र्यू गॉडविन आणि सहकाऱ्यांनी अशी चकती केली, की तिला रक्तद्रवाचे दोन मायक्रोलिटर पुरतात. सुईच्या टोकावर राहील एवढा थेंब! त्या प्रयोगात रुग्ण वीस होत्या.

वीस. हा आकडा ऐकून मी भाचीला म्हणालो, एवढ्या थोड्या? ती म्हणाली, "मामू, सुरुवात अशीच होते. पण तुम्ही पुढचं गणित करून बघा."

ते गणित मी कागदावर केलं, आणि ते तुमच्यापुढे मांडणं हाच या भाषणाचा खरा हेतू आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, कसलीही तक्रार नसलेल्या अडीच हजार बायका घेतल्या, तर त्यांतल्या साधारण एकीला त्या वेळी हा रोग असतो. एका मोठ्या तालुक्यात अशा पंचवीस हजार बायका आहेत असं धरू. म्हणजे रोग असलेल्या दहा. आता आपल्याकडे एक अप्रतिम चाचणी आहे. रोग असलेली एकही बाई तिच्यातून सुटत नाही, आणि निरोगी बायकांपैकी शंभरातल्या पंच्याण्णव जणींना ती बरोबर निरोगी म्हणते. कुणालाही वाटेल, आणखी काय पाहिजे? पण उरलेल्या पाचांचं काय? जवळपास पंचवीस हजारांचे पाच टक्के म्हणजे साडेबाराशे. साडेबाराशे निरोगी बायकांना सांगितलं जाणार, की तुम्हाला कर्करोग असू शकतो. आणि त्यांच्या गर्दीत खऱ्या दहा. बरं, खात्री करायची तर स्तनाच्या गाठीसारखी सुई घालून नमुना काढता येत नाही. बीजांडकोशातल्या गाठीला टोचलं तर तीच पसरायची भीती. बहुधा ऑपरेशनच करावं लागतं. म्हणून या क्षेत्रातले जाणकार म्हणतात, की एका खऱ्या रोग्यामागे दहापेक्षा जास्त ऑपरेशनं होता कामा नयेत. त्यासाठी निरोगी बायकांना ओळखण्यातली चाचणीची अचूकता ९९.६ टक्के लागते. पंच्याण्णव नव्हे, नव्व्याण्णवसुद्धा नव्हे.

हे कागदावरचंच भय नाही. २००२ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी जाहीर केलं होतं, की रक्तातल्या प्रथिनांचा नकाशा काढून हा रोग शंभर टक्के ओळखता येतो आणि निरोगी बायका पंच्याण्णव टक्के. मोठा गाजावाजा झाला. चाचणी बाजारात आणायची तयारी झाली. मग ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या कीथ बॅगर्ली, जेफ्री मॉरिस आणि केव्हिन कूम्ब्ज या संख्याशास्त्रज्ञांनी तीच माहिती पुन्हा तपासली. त्यांच्या लक्षात आलं, की नकाशाच्या ज्या भागात केवळ यंत्राची खरखर असते, तिच्यावरूनही रोगी आणि निरोगी वेगळे ओळखता येतात. याचा अर्थ, नमुने हाताळण्यात किंवा यंत्रातून काढण्यातच कुठेतरी फरक पडला होता, आणि तो फरक रोगाचा म्हणून वाचला गेला होता. पुढे २००८ मध्ये 'ओव्हाशुअर' नावाची दुसरी एक रक्तचाचणी अमेरिकेत प्रत्यक्ष बाजारात आली आणि औषध प्रशासनाच्या हरकतीनंतर काही महिन्यांत मागे घेतली गेली.

आणि आपल्या राज्यातलं वर्तमान वेगळं आहे का? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. 'कॅन्सर होईल' एवढं म्हटलं की पुरे, असं कित्येक जणींनी त्या काळात बातमीदारांना सांगितलं. ज्या मुलखात नुसत्या शब्दानं पोटावर सुरी चालते, तिथे शंभरात पाच वेळा चुकणारा छापील अहवाल काय करील? म्हणून नव्या चाचणीच्या बातम्या वाचताना शंभर टक्के, अठ्ठ्याण्णव टक्के असे आकडे दिसले, की मी आधी पाहतो, किती बायकांवर केली आणि कुठल्या बायकांवर. रुग्णालयात दाखल झालेल्या, रोग पसरलेल्या बायका एका बाजूला आणि तरुण रक्तदात्या दुसऱ्या बाजूला, अशी तुलना असेल तर ती परीक्षा फारच सोपी आहे.

खलित्यांची स्वतःची अडचणही आहे. रक्तातले बहुतेक खलिते प्लेटलेट आणि इतर रक्तपेशींचे असतात, गाठीचे अगदी थोडे. शिवाय रक्तात फिरणाऱ्या चरबीच्या गोळ्या आकारानं त्यांच्याएवढ्याच, त्या गाळताना त्याही सोबत येतात. रक्त काढल्यावर नळी तासभर तशीच राहिली, उन्हात राहिली, हिंदकळली, तर प्लेटलेट आणखी पिशव्या सोडतात. तालुक्यातून नमुन्यांचा डबा घेऊन येणारा पोरगा दुपारी एस. टी. स्टँडवर किती वेळ बसतो, हे भाचीला रोजचं माहीत आहे. म्हणून या शास्त्रातल्या लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१४, २०१८ आणि पुन्हा २०२३ मध्ये नियमावल्या काढल्या. त्यांत तर असंही म्हटलं आहे, की पिशवी पेशीच्या नेमक्या कुठल्या भागातून आली हे सिद्ध करता येत नसेल, तर तिला 'एक्झोसोम' म्हणूच नका, 'लहान पेशीबाह्य पुटिका' म्हणा. शब्दाबद्दलची ही काटेकोर वृत्ती मला कवी म्हणून पटली, जरी नाव रुक्ष असलं तरी.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट सिएटलच्या मुनीश तिवारी यांच्या प्रयोगशाळेतली. २०११ मध्ये तिथे दाखवलं गेलं, की रक्तातला बराचसा सूक्ष्म आरएनए खलित्यात नसतोच. प्रथिनांच्या पाठीवर बसून तो उघडाच फिरतो. आणि २०१४ मध्ये त्यांनी मोजलं, की भरपूर आढळणाऱ्या एखाद्या सूक्ष्म आरएनएचा एक तुकडा सापडायला सरासरी शंभराहून जास्त एक्झोसोम उघडून पाहावे लागतील. मोजलेल्या नमुन्यांत बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या पेशींचे एक्झोसोमही होते. शंभर थैल्या उघडाव्यात आणि नव्व्याण्णव रिकाम्या निघाव्यात!

मग हे सगळं सोडून द्यावं का? मला तसं वाटत नाही. माझं मत एवढंच, की या खलित्यांचं पहिलं काम तक्रार नसलेल्या बायकांत रोग हुडकण्याचं नसेल. पुरुषांच्या प्रोस्टेटसाठी लघवीतल्या एक्झोसोमची एक चाचणी अमेरिकेत २०१६ पासून वापरात आहे. तीसुद्धा सगळ्यांसाठी नाही. रक्तातला पीएसए थोडासा वाढलेला असताना सुई घालून नमुना घ्यावा की थांबावं, एवढ्याच प्रश्नाला ती मदत करते. तसंच इथे, जिच्या पोटात गाठ किंवा पाणी सापडलंच आहे, तिच्यात कर्करोग की क्षय की साधी गाठ, हे सांगता आलं तरी मागच्या गल्लीतल्या वहिनींसारख्या किती जणींचं ते एक वर्ष वाचेल. अशा बायकांत रोगाचं प्रमाण मोठं असतं, त्यामुळे मघाचं गणितही एवढं अंगावर येत नाही.

दुसरं काम उपचाराचं, आणि ते मला आपामुळे अधिक जवळचं वाटतं. पहिल्यांदा लागू पडलेलं औषध दुसऱ्यांदा का पडत नाही? सिस्प्लॅटिन हे या रोगातलं जुनं औषध. सॅन दिएगोच्या स्टीफन हॉवेल यांच्या गटानं २००५ मध्ये पाहिलं, की औषधाला न जुमानणाऱ्या पेशी ते पिशव्यांत भरून बाहेर फेकतात. खलित्याच्या थैलीतून विष बाहेर! आणि २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या सॅम्युअल मोक यांच्या गटाला आणखी एक दिसलं. आतड्यांवर चरबीचा एक पडदा असतो, त्याला वपा म्हणतात. हा रोग तिथे हटकून जातो. तिथल्या शेजारी पेशी, चरबीच्या आणि धाग्यांच्या, स्वतः कर्करोगाच्या नसूनही आपल्या एक्झोसोममधून कर्करोगाच्या पेशींना एक सूक्ष्म आरएनए पुरवतात. त्यामुळे पॅक्लिटॅक्सेल या औषधानं मरायला हवं त्या पेशी मरत नाहीत. हा पत्रव्यवहार मध्येच अडवता येईल का, किंवा याच थैल्यांत औषध भरून ते गाठीच्या दारात नेऊन सोडता येईल का, यावर उंदरांवर आणि पेशींवर पुष्कळ प्रयोग चालू आहेत. बीजांडकोशाच्या रुग्णाला दवाखान्यात देता येईल असं मान्यताप्राप्त औषध त्यातून अजून आलेलं नाही. जाहिराती मात्र आल्या आहेत. एक्झोसोमच्या नावानं चेहरा उजळण्यापासून गुडघे बरे करण्यापर्यंत सुया टोचल्या जातात. त्यांचा आणि या कामाचा काही संबंध नाही.

लवकर कळलं म्हणजे वाचलं, हेही इथे सरळ नाही. ब्रिटनमध्ये उषा मेनन आणि इयन जेकब्ज यांच्या नेतृत्वाखाली २००१ ते २००५ या काळात पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या दोन लाख दोन हजारांहून अधिक बायका एका प्रयोगात सामील झाल्या. काहींची दरवर्षी सीए-१२५ मोजून, काहींची दरवर्षी सोनोग्राफी करून तपासणी होत राहिली, उरलेल्यांची झाली नाही. २०२१ मध्ये अंतिम निकाल आला. रक्त मोजलेल्या गटात पहिल्या पायरीवर सापडलेले रुग्ण जास्त होते. मृत्यू मात्र कुठल्याच गटात कमी झाले नव्हते. वीस वर्षांचं काम, आणि मेननबाईंनी निकाल जसा होता तसा मांडला. मला त्या निकालाइतकंच तो मांडण्याचं अप्रूप वाटतं.

भाची आता पंचेचाळिशीला आली. बीआरसीए जनुकांमधला दोष घराण्यातून येतो आणि त्यानं हा रोग होण्याची शक्यता बरीच वाढते, म्हणून तिनं स्वतःची तपासणी करून घेतली. दोष सापडला नाही. पण आपाची तपासणी कधी झालीच नव्हती. तिच्यात दोष होता आणि मुलीकडे आला नाही, की मुळात होताच नाही आणि कारण वेगळंच काही होतं, हे कळायला आता मार्ग नाही. त्यामुळे तिच्या त्या 'नाही'वर पूर्ण विसंबता येत नाही. सध्या ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालते. एक्झोसोमची चाचणी बाहेर कुठे मिळते का, असं तिला ओळखीच्या बायका विचारतात. नाही म्हणून सांगते.

तिनंच मला त्या ब्रिटिश प्रयोगातली आणखी एक गोष्ट सांगितली. त्या बायकांनी दरवर्षी दिलेलं रक्त तपासून फेकून दिलं नाही. त्यातला काही भाग गोठवून जपून ठेवला आहे, आणि पुढच्या संशोधनासाठी वापरायला त्या बायकांनी संमती दिलेली आहे. त्यांतल्या काही जणींना पुढे हा रोग झाला. म्हणजे रोग कळण्याच्या एक वर्ष आधीचं, दोन वर्षं आधीचं, कधी त्याहून आधीचं, ती बाई बाजारहाट करत होती, नातवंडं सांभाळत होती त्या दिवसांतलं रक्त तिथे क्रमानं लावलेलं आहे. नव्या खुणा सांगणाऱ्यांना आता त्या कुप्यांवर आपली चाचणी चालवून दाखवावी लागते. ते नमुने सीए-१२५ साठी घेतलेले होते. केंद्रावरून लंडनच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यांना वेळ लागे, खलित्यांची काळजी घ्यायची हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यामुळे त्यांतले किती शाबूत आहेत, आणि जे आहेत त्यांवरची मोहोर गाठीची की प्लेटलेटची, हे एकेक कुपी वितळवून पाहण्याचं काम आता करावं लागत आहे.